काचेवरचं वशिंड

चैत्र लागलाय. नारायणगावच्या स्टँडसमोर रसवंतीवाल्यानं मांडव घातलाय आन् चरकाला घुंगरं बांधल्यात. कांडं आत गेलं की घुंगरं नाचत्यात, चिपाड हून भाईर आलं की थांबत्यात. आवाज मात्र रसवंतीवाल्यानं ह्या साली घरीच ठेवलाय. गेल्या साली बी घरीच ठेवला व्हता. त्याच्या आदल्या साली आणला व्हता, पर निम्माच.

पोरं म्हणत्यात, "आबा, वाजत्यात की घुंगरं." वाजत असतील. मी कुठं म्हणतोय खोटी हायत.

मी बबन. रेडिओचा मेकॅनिक. साळा तिसरीपत्तोर. तिसरीत असताना वाऱ्यानं साळंचे पत्रे उडाले, मास्तर म्हणले, पत्रे बसूस्तोवर सुट्टी. मी ती सुट्टी अजून भोगतोय. पर जुन्नर आन् आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत मला 'कानाचा बबन' म्हणायचे. मंचरवरनं, घोडेगाववरनं लोकं पिशवीत रेडिओ घालून यायचे. म्हणायचे, बाकीचे मेकॅनिक पार्ट बदलत्यात, बबन नुसता कान लावतो.

आन् खरंच तसं व्हतं. रेडिओच्या पोटात एकामागं एक दारं असत्यात. तारेची गुंडाळी, वर पत्र्याची डबी, डबीत एक काळा दगडावानी कोर. कोर फिरवला की दार सरकतं. पुणं स्टेशन पयल्या दारातनं आत आलं तर म्होरची दारं बी त्याच जागी उघडी पायजेत. एक दार जरी बाजूला सरकलं तर स्टेशन भिताडाला धडकतं, नायतर दोन स्टेशनं एकदम आत घुसत्यात, एकीकडं बाजारभाव आन् एकीकडं भजन. मी स्वेटर विणायच्या प्लॅस्टिकच्या सुईचं टोक घासून पेचकस केला व्हता. लोखंडाचा चालत न्हाई, लोखंड जवळ नेलं की दार आपोआप हालतं. त्या सुईनं कोर केसभर फिरवायचा, डोळं मिटायचं आन् ऐकायचं. आवाज भरत भरत जायचा, भरायचा, आन् उतरायला लागला की केसभर मागं. झालं. ते केसभर मागं येणं, तेवढीच माझी विद्या.

मंग ते कान मीच इकले. कुणाला, तर जत्रंला.

चैत्रात आमच्याकडं रोज कुठल्या ना कुठल्या गावाची जत्रा. निमगाव सावा झालं की खोडद, खोडद झालं की आणखी कुठं. सकाळी देवाला पोषाख, दुपारी बैलगाड्याची शर्यत, संध्याकाळी तमाशा. ह्या समद्याला लागतो लाउडस्पीकर. तरणा असताना पंचवीसएक जत्रा मी एका चैत्रात मारायचो. कर्णे झाडाला बांधायचे आन् दुपारच्या उन्हात सावली फक्त कर्ण्याखाली. मी कर्ण्याखाली झोपायचो. लोकं म्हणायची, काय झोप हाय ह्याची! मला बी लई भूषण. वर "आली रं आली, बारी आली" करून शर्यतीचा निवेदक बोंबलतोय, खाली मी घोरतोय. कान तवाच निजले असतील, मी उठलो तवा त्यांना उठवायचं राह्यलं.

मंचरच्या डॉक्टरनं कानात बॅटरी मारून बघितली. म्हणला, शिरा वाळल्यात. कानातलं मशीन दिलं. त्या मशीनमधी कुकरची शिट्टी, पत्र्यावरचं माकड आन् सुनंची भांडी एकाच मापानं यायची, माणसाचं बोलणं तेवढं यायचं न्हाई. मी ते मशीन उघडून बघितलं. आत शिकण्यासारखं लई व्हतं. परत बंद झालं न्हाई.

बहिरं व्हायचं असंल तर माणसानं गंभीर असावं, आसं माझं मत हाय. गंभीर माणूस बहिरा झाला तर लोकं म्हणत्यात, इचार करत असंल. माझ्यासारख्या टवाळाचं लई अवघड. जोक मारला की मी लोकांच्या तोंडाकडं बघायचो. तोंडं उघडलेली दिसायची. हसत्यात का जांभया देत्यात, कळायचं न्हाई. मंग मी आपला दोन्हीला मिळून एकदा हसायचो. आमच्या दुकानाशेजारी नाना शिंपी. लहानपणापसनं माझा दोस्त. दोस्त म्हंजी, मी नदीत बुडत व्हतो तवा ह्यो काठावर बसून माझी चड्डी कुणाला देऊ म्हणून इचारत व्हता, आसला दोस्त. नानाला पयला वास लागला. माझ्या पाठीमागं येऊन त्यो म्हणायचा, "बबन्या, दुकान पेटलंय!" मी वळलो न्हाई की गिऱ्हाइकाला डोळा मारायचा. हे मला मागनं कळलं. तवा आपलं वाटायचं, गिऱ्हाईकं लई हसतमुख यायला लागल्यात.

ज्या चैत्रात कान पार गेले, त्या चैत्राचा वास मला अजून येतो. नाक शाबूत हाय, देवाची किरपा. कांदा काढणी चालली व्हती, तवा रस्त्यानं कुठं बी गेलं की कच्च्या कांद्याचा उग्र वास. लिंबाला मोहर. शर्यतीच्या घाटाची, म्हंजी बैलं पळायच्या चढाची, लाल धूळ, ती कपड्यात बसती, नाकात बसती, भाकरीत बसती. भंडारा. बैलाच्या अंगाचा घाम. लहानपणी ह्या समद्याला आवाजाचं झाकण असायचं. त्या साली झाकण उडालं आन् नुसते वास उरले. घाटात बैल पळताना बघितलं, पायाखालनं धूळ उठती, माणसं टोप्या उडवत्यात, निवेदकाच्या गळ्याच्या शिरा तट फुगल्यात, आन् समदं शांत, विहिरीच्या तळाला बसून वरची जत्रा बघावी तसं. डाव्या कानात कुणी अगदी तोंड घालून वरडलं तर शब्द पोचायचा, पर तुटूनफुटून. समोरच्याचे व्हट बघून उरलेलं मी जोडायचो. गाणं, बासरी, बाईचा गळा, ते समदं गेलं ते गेलंच.

आन् मी रेडिओचा मेकॅनिक.

घरात पयलं कळलं सुनंला. रूपाली नाव. इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय केलेली. माझा पोरगा सुनील आमच्याच दुकानात मोबाईलला काचा लावतो आन् ही मोबाईल उघडून आतलं काम करती. म्हंजी डोकं हिचं, गल्ला त्याचा. एक दिवस खोडदचा एकजण मी लावून दिलेला ट्रान्झिस्टर घेऊन परत आला. तिथल्या त्या मोठ्या छत्र्या हायत ना आभाळ ऐकणाऱ्या, तिथं कामाला व्हता. म्हणला, "आबा, दोन स्टेशनं एकात एक येत्यात." मी कान लावला, मान हालवली, म्हणलं, "जरा हवा खराब हाय." रूपाली बघत व्हती. रेडिओ बंदच व्हता.

त्या खोडदवाल्यानं चहा पिता पिता एक सांगितलं. म्हणला, "आबा, तिथं एवढ्या छत्र्या रात्रंदिस ऐकत्यात, पर आमी कुणी ऐकत न्हाई. आमी नुसतं काचेवर रेघ बघतो. रेघ वर गेली की म्हणायचं, आलं कायतरी." मला लई बरं वाटलं. म्हणलं, एवढी मोठी छत्री बी माझ्यावानीच बहिरी!

रूपालीनं ते ध्यानात ठेवलं. पुण्याला जुन्या बाजारात ती मोबाईलचे पार्ट आणायला गेली आन् येताना एक लोखंडी डबा आन् एक गोल काचेची पेटी घेऊन आली. डबा ट्रॅक्टरच्या बॅटरीएवढा जड. सुनील म्हणला, "भंगार कशाला आणलं?" ती म्हणली, "आयटीआयला असाच स्वीप जनरेटर व्हता. कपाटात कुलूप लावून ठेवायचे, आमाला हात लावून द्यायचे न्हाईत." मंग माझ्याकडं वळली, डाव्या कानापाशी आली आन् वरडली, "आबा, कान गेलेत तुमचे. डोळं हायत तवर कामाला लावा."

आसं बोलती ती. पेचकस लावून बोलल्यावानी.

तिनं दाखवलं. डब्याची वायर रेडिओच्या पोटात पयल्या दारापाशी, काचेच्या पेटीची वायर शेवटल्या दाराच्या भाईर. डबा काय करतो, तर एकच स्टेशन धरून बसत न्हाई, खालच्या टोकापसनं वरच्या टोकापत्तोर पळत जातो, परत खाली येतो, परत पळतो. एका सेकंदाला पन्नास येळा. घाटात बैलगाड्याची बारी सोडावी तसा. जिथं दारं उघडी हायत तिथनं आत घुसतो, जिथं बंद हायत तिथं आदळतो. आन् कुठं किती घुसला त्याची रेघ काचेवर निघती, हिरवी. दारं समदी बरोबर असली की रेघ मधी उचलती, वर गोल हुती, दोन्ही अंगानं सारखी उतरती.

मी म्हणलं, "हे तर वशिंड हाय!"

बैलाचं वशिंड. हुबेहूब. चांगल्या खिलारी खोंडाचं कसं असतंय, ताठ, गच्च, मधोमध. रूपालीनं दुसरं एक बटण फिरवलं तशी वशिंडावर बारीक टिकली आली. म्हणली, "टिकली डोक्यावर आली म्हंजी झालं." मी म्हणलं, एवढंच? आन् मी जलमभर डोळं मिटून काय करत व्हतो?

मंग मला नादच लागला. दुकानातले जुने मेलेले रेडिओ काढून मी एकेकाची वशिंडं बघायला लागलो. एकाचं एका अंगाला कललेलं, जू लागून लागून कलतं तसं. एकाला दोन वशिंडं, उंटावानी. एकाचं बसकं, म्हाताऱ्या बैलाचं. सुईनं कोर फिरवत फिरवत मी त्यांना उभं करायचो. दुपारी भाईर ऊन आसं की डांबर पातळ हुयाचं, समदं नारायणगाव जत्रंला गेलेलं, आन् मी अंधारात काचेपुढं बसून बैलं उभी करतोय. त्या चैत्रात मी किती सुखी व्हतो सांगू? आपण बहिरे हाय हे मी इसरलो. बहिऱ्यानं इसरायची गोष्ट नव्हं ती.

एक भानगड व्हती. डबा चालू असला की रेडिओच्या स्पीकरमधनं घर्रऽऽ आवाज निघतो म्हणं. मला काय ठावं? मी आपला देवळात बसल्यावानी शांत. नाना शिंपी एक दिवस हातात कात्री घिऊन दुकानात शिरला, तोंड लालभडक. कानाशी येऊन म्हणला, "भाड्या, गांधीलमाश्यांचं मोहोळ पाळलंस का हितं?" मी म्हणलं, "बस, चहा घे." रूपालीनं मंग युक्ती काढली. डबा लावायच्या आधी स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवायच्या आन् त्यांच्या जागी एक जाडजूड रेझिस्टर डाग मारून बसवायचा. रेडिओला वाटतं स्पीकर हाय, नानाला वाटतं शांतता हाय. काम झालं की रेझिस्टर काढायचा, स्पीकर परत जोडायचा. ते जोडायचं काम रूपाली करायची. मंग मी स्पीकरच्या कागदावर बोट ठेवायचो. बोटाला मुंग्या आल्या की रेडिओ वाजतोय.

सुनीलला ह्यातलं काय पटत नव्हतं. त्याला माझा काउंटर पायजे व्हता. तिथं त्याला मोबाईलच्या कव्हरांचा काचेचा स्टँड उभा करायचा व्हता. पोरगा वाईट न्हाई. माझ्यासारखा नसला की मला पोरगा वाईट वाटत न्हाई. पर रोज म्हणायचा, "आबा, लोकं हसत्यात." मी म्हणायचो, "हसत्यात म्हंजी दुकान चालतंय."

आशात पोपटशेठचा रेडिओ आला. पोपटशेठ बाजारपेठेतला आडतीवाला, पिढ्यान् पिढ्या हितलाच, मराठी आपल्यापरीस चोख. त्याच्या बापाचा व्हॉल्व्हचा रेडिओ, लाकडी, म्होरं सोनेरी कापड, आन् मधी हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की ह्यो डोळा मिटतो, सरकला की उघडतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर रेडिओ देऊन शेठ आला.

"बबनराव, आधी निदान फर्रफर्र तरी करायचा. आता तेवढं बी न्हाई."

"कुणी उघडला व्हता?"

शेठनं ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हर लई अभिमानानं म्हणला, "आतल्या डब्यातले समदे इस्क्रू ढिले व्हते, आबा. मी पान्यानं गच्च आवळून दिले."

म्हंजी दारं समदी भिताडात. ट्रॅक्टरचं चाक आवळल्यावानी आवळलेली. एक कोर तर तडकून त्याचे दोन तुकडे झालेले.

"जत्रंला पावणं येणार हायत," शेठ म्हणला. "बापाचा रेडिओ त्यांच्याम्होरं वाजला पायजे. हुईल का?"

मी तोंड उघडायच्या आत सुनील मधी पडला. शेठच्या समोरच. कानाशी येऊन, समद्यांना ऐकू जाईल आसं म्हणला, "आबा, एक ठरवून टाकू. शेठचा रेडिओ तुमी वाजवून दाखवला, तर ही खुर्ची तुमची, मरेपत्तोर. मी काउंटरचं नाव काढणार न्हाई. न्हाई वाजला, तर जत्रा झाल्या झाल्या तुमी घरी."

मी म्हणलं, "ठरलं." नाना दारात उभा व्हता, त्यो बी म्हणला, "ठरलं." त्याचं काय ठरलं देव जाणे.

तडकलेला कोर रूपालीनं दुसऱ्या भंगार रेडिओतनं काढून बसवला. मंग मी बसलो. स्पीकर सोडवला, रेझिस्टर बसवला, डबा चालू. काच सपाट. माळरान. सुई घातली, शेवटल्या दारापसनं सुरुवात केली. लई येळानं रेघेवर एक पुळी उठली. पुळीचं आवाळू झालं. आवाळवाला दुसरं आवाळू चिकटलं. घामानं सुई निसटायची. आवळलेला कोर उलटा फिरवताना जीव मुठीत, आणखी एक तडकला तर संपलं. एक दार, दुसरं दार, परत पयलं, परत दुसरं, एकाला हात लावला की दुसरं रुसतं. आन् मंग बघता बघता दोन्ही आवाळवं एकमेकांत शिरली आन् काचेवर वशिंड उभं राह्यलं. आसं वशिंड मी घाटात बी बघितलं न्हाई. टिकली बरोबर डोक्यावर. मी सुई खाली ठेवली. खरं सांगतो, त्या रेघेपुढं मी हात जोडले.

जत्रंचा दिवस. दुपारची शर्यत हून लोकं घाटातनं परत येत व्हती, कपाळं भंडाऱ्यानं पिवळी, टोप्या धुळीनं लाल. शेठ गाडी घिऊन आला तो थेट पावण्यांसकट. नाना आला, सुनील व्हताच, त्याचे चार दोस्त, ड्रायव्हर. दुकानात पाय ठेवाया जागा न्हाई. मला आसा चेव आला! टेबलावरचा उघडा रेडिओ उचलला, लाकडी खोक्यात बसवला, मागचं झाकण लावलं, इस्क्रू आवळले, पुढचं सोनेरी कापड माझ्याच उपरण्यानं पुसलं. चालू केला. व्हॉल्व्ह तापले, पिवळा उजेड आला. पुणं स्टेशनावर काटा नेला. हिरवा डोळा मिटत मिटत आला आन् गच्च बंद झाला. दारं समदी उघडी. राजावानी रेडिओ.

मी मान डोलवायला लागलो.

समोर समदे गप. मला वाटलं, ऐकत्यात. मी म्हणलं, "शेठ, आवाज बघा. पोटात बसतोय का न्हाई?" शेठनं सुनीलकडं बघितलं. सुनीलनं खाली बघितलं. नाना पुढं आला, माझ्या डाव्या कानाला तोंड लावलं.

"बबन्या, कोण गातंय रं?"

"बाई हाय," मी म्हणलं.

"काय गाती?"

"ऐक की लेका तुझं तू. भक्तिगीत हाय."

"गळा कसा हाय?"

"गोड. जरा वरच्या पट्टीत चढती, पर गोड."

नानाचं तोंड उघडलं. मागं चारपाच तोंडं उघडली. सुनीलच्या एका दोस्तानं हात वर केले आन् नाचायला लागला. जत्रंतनं आलेला गडी, त्याला काय. दुसरा नाचायला लागला. टाळ्या पडायला लागल्या, हाताचे तळवे एकावर एक पडताना मला दिसत व्हते. पावणं नाचले. ड्रायव्हर नाचला. मंग मी काय मागं राहतोय? मी खुर्चीवरनं उठलो, उपरणं डोक्याला बांधलं, आन् त्यांच्या पायाकडं बघून ताल धरला. आयुष्यात मी असा कधी नाचलो न्हाई. पोरं मोबाईल वर करून बघत व्हती. मी त्यांच्याकडं बघून एक गिरकी बी घेतली.

शेठनं हात वर केला. समदे थांबले. मी एकटाच थोडा येळ नाचलो, मंग मी बी थांबलो. शेठनं रेडिओ फिरवला, ड्रायव्हरकडनं मागचं झाकण काढवलं, आन् आत बोट दाखवलं. स्पीकरच्या दोन्ही वायरी लोंबत व्हत्या. रेझिस्टर जिथल्या तिथं.

रेडिओ शांत व्हता. पयल्यापसनं शांत व्हता.

मी आत बघत राह्यलो. मंग मागं बघितलं तर तोंडंच तोंडं. उघडी. नाना तर भिताडाला धरून वाकला व्हता, त्याच्या डोळ्यांतनं पाणी. ह्या येळेला जांभया नव्हत्या, एवढं मला बी कळलं.

मी म्हणलं, "बाई दमली असंल." पर तवा कुणाचं माझ्याकडं ध्यान नव्हतं. एवढा चांगला जोक वाया गेला.

रूपाली काउंटरच्या आतनं आली. डाग मारायची डागणी गरमच व्हती. रेझिस्टर काढला, दोन वायरी लावल्या. एका मिनिटाचं काम. मी कापडामागं बोट घातलं, बोटाला मुंग्या. शेठची मान हलायला लागली, आपोआप. शेठ माझ्या तोंडापुढं येऊन म्हणला, सावकाश, मला व्हट दिसतील आसं, "बबनराव, बापाच्या येळेला बी असा वाजला नव्हता."

मी सुनीलकडं बघितलं. सुनील म्हणला, "वाजला, आबा. पर तुमच्यासाठी न्हाई वाजला."

मी भांडलो न्हाई. भांडायला समोरच्याचं ऐकू यावं लागतं, आन् मला त्याचं ऐकू आलं व्हतं. त्या दिवसात माझ्या कानात नीट शिरलेलं तेवढं एकच वाक्य.

पोरांनी काढलेलं ते मोबाईलवर फिरलं. मंचर, घोडेगाव, जुन्नर. फिरवताना त्यांनी मागनं गाणं चिकटवलंय म्हणं, झकास ठेक्याचं. म्हंजी आता त्यात रेडिओ वाजतो. बघणाऱ्या समद्यांना ऐकू येतो. ओझरच्या देवळाबाहेर एका पोरीनं माझ्यासंगं फोटो काढून घेतला. म्हणली, "आजोबा, तुमी तेच ना, नाचणारे?" मी म्हणलं, व्हय. दोन तालुक्यांत 'कानाचा बबन' व्हायला मला उमर लागली. 'नाचणारा बबन' एका दुपारीत झालो.

काउंटर रिकामा करताना मी रूपालीला इचारलं, "तुला ठावं व्हतं ना, वायरी तशाच हायत?"

"व्हतं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

तिनं डब्यावरची धूळ फडक्यानं पुसली. मंग माझ्याकडं तोंड करून म्हणली, "आज सांगितलं असतं. उद्याच्या रेडिओला परत सांगितलं असतं. परवा मी माहेरी गेले असते. आबा, तुमी करंट लागलेल्या चासीच्या पत्र्याला हात घालता आन् मागनं माणूस वरडत असतं. दोनदा मी मेन स्विच पाडलाय. तुमाला कळलं बी न्हाई."

मला खरंच कळलं नव्हतं. मी म्हणलं, "मला वाटलं, लाईट जात्यात." ती हसली न्हाई. तिच्याकडं बघून मला हसती का जांभई देती, अशी शंका कधी यायची न्हाई, ही एक बरी गोष्ट. डबा तिनं स्वतःच्या टेबलाखाली ठेवला. कधीमधी कुणी शौकीन जुना रेडिओ आणतो, तवा ती वशिंड उभं करती. मला बोलवत न्हाई. बोलवलं तरी मला कुठं ऐकू येणार हाय.

तवापसनं मी घरी. ओट्यावर. म्होरं कांद्याची चाळ, मागं ऊस, आन् मधी माझी बायको शेवंता. दुकानात असताना मला ही फक्त रात्रीची आन् सकाळची ठावं. दिवसभर ही काय करती कधी बघितलंच नव्हतं. आता बघतो. कांदा निवडताना बोलती. लुगडं वाळत घालताना बोलती. माझ्यापुढं ताटली ठेवती तवा बोलती, उचलती तवा बोलती. आवाज तिचा पयल्यापसनं आसा की ह्या ओट्यावरनं ही वरडली तर तिकडच्या वस्तीवरची बाई वैरण टाकायची थांबायची. लग्नात मी तिच्या बापाला म्हणलं व्हतं, पोरगी दिली ती दिली, बटण कुठं हाय ते दाखवा. आता मी तिचे व्हट वाचायला शिकलोय. "बसले देवासारखे." "नाचा आता ओट्यावर." "चड्डीची नाडी तरी बांधा." दिवसभर हेच. मी मान डोलवतो. मला वाटायचं, अख्ख्या शिवारात माझी शोभा चाललीय. वाटेनं जाणाऱ्याला मी म्हणायचो, "ऐकताय ना? चालू हाय आमचं स्टेशन." माणसं माझ्याकडं आसं बघायची, जरा थांबायची, मंग आपल्या वाटेनं जायची.

परवा रूपाली सुट्टीला घरी व्हती. दुपारी माझ्यापुढं येऊन बसली. शेवंताला ती आत्या म्हणती. म्हणली, "आबा, आत्यांना दवाखान्यात दाखवायला पायजे का?"

"का? काय झालं?"

"आवाज गेलाय का त्यांचा? दिवसभर नुसतं तोंड हालवत्यात. आवाजच काढत न्हाईत."

मला हसू आलं. म्हणलं, "ती? आगं आत्ताच मला काय काय बोलली."

"न्हाई आबा. मी हितंच व्हते. आवाज न्हाई काढला."

मी उठलो, चाळीपाशी गेलो. शेवंता कांदे निवडत व्हती. मी म्हणलं, "काय गं, आवाज का काढत न्हाईस?"

तिनं वर बघितलं. हातातला सडका कांदा बाजूला टाकला. माझ्याकडं नीट तोंड केलं आन् व्हट हालवले, सावकाश.

"तुमाला ऐकू येत न्हाई. मंग घसा कुणासाठी फोडू? दुसऱ्यांनी ऐकायच्या शिव्या हायत का ह्या?"

आन् परत खाली बघून निवडायला लागली. व्हट चालूच.

मी हसलो. चाळीच्या सावलीला एक कुत्रं झोपलं व्हतं, ते दचकून उठलं आन् शेपूट घालून पार उसात पळालं. त्यावरनं मला कळलं, लई मोठ्यानं हसलो असणार.